भागामायची तपकीर

मागल्या आठवड्यात इथे अमरावतीत एका घरी हळदीकुंकवाला गेले होते. तिथे एक शिकलेल्या बाई सांगत होत्या, की आता मोठ्या दवाखान्यात माणसाला नवं नाक करून देतात. ही साहेबलोकांची विद्या आहे, आपल्याकडे कोणाला हे ठाऊकच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली. चार बायकांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनची खोड आहे. पण ओटी घेऊन घरी येताना सारखं टोचत राहिलं. भागामाय तिथे असती तर तिने आधी माझ्या नाकावर टिचकी मारली असती आणि मग त्या बाईंच्या.

म्हणून हे लिहिते. चौथीपर्यंत शिकले, तेवढं अक्षर हाताशी आहे. कोणाला दाखवायचं नाही.

भागामाय अकोल्याची. मोर्णा नदीच्या काठाला कुंभारांची वस्ती आहे, तिच्या शेवटच्या टोकाला तिचं घर होतं. बुटकी, रुंद खांद्यांची, आणि आवाज असा की नदीपलीकडच्या माणसाने वळून पाहावं. लुगड्याच्या ओच्यात पितळेची तपकिरीची डबी. बोलता बोलता डबी निघायची, चिमूट नाकात जायची, मग एक मोठी शिंक. शिंकून झाल्यावर ती चारी बाजूंना पाहायची, जसं काही आत्ताच जागी झाली आहे.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. नाकं राहत. "तो पोपटनाक्या आला होता काय?" असं विचारायची. "ती भज्यावाणी नाकाची सून कोनाची व?" अशी तिची चौकशी. समोर कोणीही येवो, पाटील येवो की फौजदार, ती आधी त्याच्या नाकाकडे पाहायची आणि मग डोळ्यांकडे. त्यामुळे मोठमोठी माणसं तिच्यासमोर उगाच नाकावरून हात फिरवत.

ही नाकं करायची विद्या तिच्या सासऱ्याची. त्या काळी संशयी नवरे बायकांची नाकं कापत, लढाईत शिपायांची जात. सासरा ती नव्याने बसवून देई. म्हातारपणी त्याची नजर गेली. मुलगा चाकावर बसण्यापलीकडे काही करीना. मग सुनेने वस्तरा धरायचा आणि सासऱ्याने बोटांनी चाचपून "इथं", "अजून खाली" असं सांगायचं, असं चाललं. असं करत करत ती शिकली. बायकांनी चाकाला हात लावायचा नाही अशी त्यांच्यात रीत आहे, पण मडकी थापायची ती बायकांनीच. आतून दगडाचा गोटा धरायचा, बाहेरून फळीने थापायचं. भागामाय दिवसभर मडकी थापायची. नाकांचं काम कधी वर्षातून दोनदा, कधी चारदा.

आता आमच्या घरचं सांगते. त्याशिवाय भागामाय सांगता येणार नाही.

आमचं गाव अकोल्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. काळी जमीन, कुणबी घर. सातासमुद्रापार कुठे लढाई लागली म्हणे आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा मी सहासात वर्षांची असेन. लोकांनी गाद्या उसवून त्यातला कापूस विकला. माझ्या बाबांनी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं बसवली.

आणि त्याच काळात माझी आई, रुख्मा तिचं नाव, मळ्यातल्या खोपडीत राहत होती. तिला महारोग झाला होता. हाताला बधिर चट्टे आले, भुवयांचे केस गेले, आणि मग नाक बसलं. कापलेलं नव्हे. आतलं सगळं विरून गेलं आणि वरचं कातडं खड्ड्यासारखं खाली गेलं. घर माझी विधवा आत्या चालवायची. ती वाईट नव्हती. रोज दोन वेळा आईची भाकरी तीच बांधून द्यायची. पण म्हणायची, "घरात पोट्टी आहे. असं तोंड दारात दिसलं तर उद्या हिले कोन करून घेईन? तोंड तोंडावाणी झालं का येऊ दे मंग." बाबा आत्यापुढे बोलत नसत. मी भाकरी घेऊन मळ्यात जायची. आई पदर नाकावर धरून हाताच्या अंतरावरून माझ्याशी बोलायची. मला एवढंच कळत होतं की नाक आलं तर आई घरात येईल.

बाबांनी त्यावर आपल्या परीने उपाय काढला. अमरावतीला कापूस घेऊन गेले आणि येताना सोनाराकडून चांदीचं नाक घडवून घेऊन आले. दोन बाजूंना रेशमी दोरे, डोक्यामागे गाठ मारायची. आईने ते बांधलं. उन्हाळा होता. वऱ्हाडातल्या वैशाखात उघड्यावर ठेवलेल्या भांड्याला हात लावून पाहावा म्हणजे पुढचं सांगायला नको. आईचे गाल बधिर, तिला चटका कळलाच नाही. संध्याकाळी नाक सोडलं तेव्हा खाली फोड आले होते.

ते फोड पाहून बाबा आईला घेऊन अकोल्याला भागामायकडे गेले. मी गाडीत मागे बसले होते. मला न्यायचं ठरलं नव्हतं, पण मी उतरले नाही.

भागामायने चांदीचं नाक हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि बाहेर उभ्या असलेल्या आमच्या बैलांकडे पाहिलं.

"पाटील, हे तुमी तिसऱ्या बैलासाठी केलं होतं का?"

बाबा म्हणाले, "माय, खर्चाची फिकीर नाही. नाक पाह्यजे."

"बैलाच्या शिंगाले चांदी अन् घरच्या लक्ष्मीले खोपडी! बसा तिकडे. तुमचं नाक शाबूत आहे, तुमच्यासंगं मले काही काम नाही."

मग ती आईसमोर बसली आणि आईचा पदर तिने स्वतःच्या हाताने बाजूला केला. कोणी आईला हात लावल्याचं मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. आई अंग चोरून मागे सरकली. भागामाय पुढे सरकली. शेवटी आई भिंतीला टेकली, तेव्हा भागामाय म्हणाली, "आता भिंत पाडतं का?" आई रडता रडता हसली.

बाभळीचा काटा घेऊन तिने आईला डोळे मिटायला सांगितले. गालावर टोचला. "दुखते?" आई म्हणाली, "नाही." हनुवटीवर टोचला. "नाही." हातावर, "नाही." मग कपाळाच्या मधोमध टोचला आणि आई ओरडली, "अव माय!"

"वरड! अजून वरड!" भागामायने मांडीवर थाप मारली. "पाटील, कपाळ जित्तं आहे! ज्या कातड्याले दुखते तेच कातडं धरते." तिने चिमूटभर तपकीर ओढली, शिंकली आणि बाहेरच्या बायकांनाही ओरडून सांगितलं.

पण त्या दिवशी तिने वस्तरा काढला नाही. चट्टे अजून सरकत होते. म्हणाली, "भट्टी थंडी झाल्याबिगर कोनी मडकं काढते काय? आता काढीन तर तडकीन." महारोगावरचं कडू कवठाचं तेल लावायला सांगितलं, हातापायाला जखम होऊ देऊ नको म्हणाली आणि दोन पावसाळ्यांनी या म्हणाली. बाबांनी लवकर करायला फार गळ घातली. तिने एका फळीकडे बोट दाखवलं.

भिंतीवरच्या त्या फळीवर कच्च्या मातीची दोन नाकं ठेवली होती. नाक करायच्या आधी ती मातीचं नाक करायची, ते चपटं करून त्या मापाचं कातडं आखायची. पुन्हा तसंच दुसरं नाक करून फळीवर ठेवायची. माणसाचं नाक नीट बसलं की त्याला ते मातीचं नाक देऊन मोर्णेत सोडायला लावायची. फळीवर उरलेलं म्हणजे काम न झालेलं.

"हे एक तेल्याचं, त्याचं आता भरून येते. अन् हे दुसरं," ती म्हणाली, "एका रखवालदाराचं. त्यालेही हाच रोग होता. मी कापलेल्या नाकावाणी वरून कातडं बसवलं. चांगलं दिसलं. सहा महिन्यांत पुन्हा खाली बसलं. मंग एक दिवस मडकं थापता थापता मले समजलं. हे मडकं बाहेरून फुटलंच नव्हतं, आतून बसलं होतं. म्या आतून गोटा धरलाच नाही. त्याले सांगाले गेली, तर तो गाव सोडून गेला होता. त्याचं नाक माह्याजवळ हाये, तो कुठी हाये मले माहीत नाही."

हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. बाबा उठून गाडी जुंपायला गेले.

दोन पावसाळ्यांनंतर आम्ही पुन्हा गेलो. चट्टे होते तिथेच होते. आता नाक कसं करायचं, हा प्रश्न आला. आईचं आधीचं नाक कसं होतं? बाबा म्हणाले, "चांगलं होतं." भागामाय म्हणाली, "बैलाचं विचारलं असतं तर वशिंडापासून शेपटीपर्यंत सांगितलं असतं." मग तिची नजर माझ्यावर पडली. मी दाराआड उभी होते. "तुह्यी पोट्टी आहे ही? इकडे ये व." मला मांडीवर आडवं घेऊन तिने ओल्या मातीचा गोळा माझ्या नाकावर दाबला. थंडगार माती, आणि तिच्या बोटांना तपकिरीचा वास. मला शिंक आली आणि साचा मोडला. दुसऱ्यांदा दाबला. मग त्या साच्यावरून तिने एक नाक केलं, आईच्या चेहऱ्याच्या मानाने थोडं वाढवलं आणि फळीवर ठेवलं. "हे तुह्या मायचं," मला म्हणाली.

कापायच्या दिवशी मला आत येऊ दिलं नाही. आईला अफू दिली होती. तरी आई कण्हत होती आणि भागामायचा आवाज अखंड चालू होता. वस्तरा चालताना ती गावभरच्या भानगडी सांगायची, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तिने एका वाण्याच्या घरातलं दोन सवतींचं भांडण सांगितलं, आणि ऐन रंगात येऊन थांबायची, म्हणजे पुढचं ऐकायला आई शुद्धीत राहायची. आई पुढे म्हणायची, "दुखनं काही मले आठवत नाही. धाकटीनं उखळ कुठी लपवलं ते मात्र आठवते."

तिने केलं ते मला समजलं तसं लिहिते. बसलेल्या नाकाचं कातडं सोडवून आतल्या बाजूला दुमडलं. तो झाला आतला गोटा. कपाळावर मातीच्या मापाने पानासारखं कातडं आखून ते सोडवलं, भुवयांमध्ये त्याचा देठ तसाच ठेवला आणि पान फिरवून नाकावर आणलं. टाके नाहीत. कात उगाळून त्यात भिजवलेल्या चिंध्यांनी कडा चिकटवल्या. नाकपुड्यांत बोरूच्या दोन नळ्या तूप लावून बसवल्या. तीन आठवड्यांनी देठ कापला, पण नळ्या मात्र वर्षभर काढायच्या नाहीत, धुऊन पुन्हा घालायच्या. आईच्या कपाळावर लग्नातलं हिरवं गोंदण होतं. ते त्या पानाबरोबर खाली आलं आणि नाकाच्या दांडीवर बसलं. आईने पाण्यात पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "कुकू आता कुठी लावू?" भागामाय म्हणाली, "कपाळ काय लहान आहे? वर लाव."

आई मळ्यातल्या खोपडीत परत आली. आत्या येऊन लांबून पाहून गेली आणि नळ्या निघू देत, म्हणाली. सगळं ठीक होतं. पण चार महिने झाले आणि बाबांना राहवलं नाही. ते अमरावतीहून नथ घेऊन आले. मोत्यांची, चांगली वजनदार. बायको नाकाची झाली आणि नाकात नथ नाही, हे त्यांना सहन होईना. गावच्या सोनाराकडून टोचून घेतलं. आई नको म्हणाली, पण नवरा एवढ्या हौसेने आणतो आहे म्हणून गप्प बसली. आठ दिवसांत नाकपुडी सुजली, पिकली आणि कड नथीच्या वजनाने खाली ओघळली. आत्या म्हणाली, "मी म्हणतच होती." मी त्या दिवशी खोपडीमागे जाऊन खूप रडले. मला वाटलं, आता आई मळ्यातच राहणार.

भागामाय निरोप मिळताच स्वतः आली. गाडीतून उतरताच बाबांना म्हणाली, "पाटील, ओल्या मडक्यात कोनी पाणी भरते काय?" नथ काढून तिने बाबांच्या हातात ठेवली. "हे लावा बैलाले." बाबा एवढे दांडगे गृहस्थ, पण खाली पाहत उभे राहिले. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "हौस वाईट नाही हो. थांबाले शिका."

ती खोपडीत पंधरा दिवस राहिली. निंबाच्या पाण्याने धुणं, कड उचलून पुन्हा काताने चिकटवणं, सगळं तिथेच. आईच्या हातची भाकरी ती आईच्याच ताटात बसून खायची आणि पाणी भरायला जाणाऱ्या बायकांना हाका मारमारून दाखवायची. "पहा व, भट्टी थंडी हाये! मले काही झालं का?" कड धरली. थोडी वाकडी राहिली, ती शेवटपर्यंत वाकडी होती.

तिच्या जाण्याच्या दिवशीच बाबांच्या कापसाच्या गाड्या अमरावतीला निघायच्या होत्या. पहाटे आमच्या दारासमोर गाड्या जुंपलेल्या, आत्या ओवाळायला तबक घेऊन उंबऱ्यात. भागामाय आईला हाताशी धरून मळ्यातून घेऊन आली. आई नेहमीप्रमाणे फाटकाबाहेर निंबाखाली थांबली. मी तिच्याजवळ होते, म्हणून मी पाहिलं. भागामायने डबी काढली, चिमूट घेतली, पण स्वतःच्या नाकाला लावली नाही. आईच्या पदराआड हात गेला. डबी पुन्हा ओच्यात.

बाबांनी गाडीवर पाय ठेवला आणि आई शिंकली.

चार वर्षांत आई शिंकली नव्हती. शिंकायला नाकच नव्हतं. आता अशी शिंकली की बैलांनी माना उडवल्या. गडी थांबले. आमच्याकडे निघताना शिंक झाली की तसंच जायचं नाही, घरात येऊन बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं. आत्याच्या तोंडून सवयीनेच निघालं, "शिंक झाली. या आत, पाणी पिऊन जा."

बाबा उतरले. भागामाय मोठ्याने म्हणाली, "आमच्या अकोल्यात ज्याची शिंक त्यालेही पाणी पाजतेत. नाही तर गाडीचं चाक मोडते."

अशी रीत अकोल्यात काय, कुठेच नाही. पण कापसाच्या गाड्या दारात उभ्या असताना चाक मोडण्याची गोष्ट ऐकून कोण वाद घालील? भागामायने आईचा हात धरला आणि सरळ चालत आली. फाटकातून, अंगणातून, उंबऱ्यापर्यंत. आत्या तबक घेऊन मध्ये उभी होती. आई आणि आत्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग आत्या बाजूला झाली. आत जाऊन तिने घरातल्या तांब्यातून पाणी आणलं आणि आईच्या हातात दिलं. दुरून ओतलं नाही, हातात दिलं. आई पाणी प्यायली. आत्या तिच्या नाकाकडे पाहत होती. म्हणाली, "गोंदण काहून खाली आलं व?" आणि तिथेच, चुलीपाशी, आईला बस म्हणाली.

आई पुन्हा मळ्यात गेली नाही.

वर्षभराने नळ्या निघाल्या तेव्हा आम्ही मातीचं नाक मोर्णेत सोडलं. ते पाण्यात लगेच विरघळलं. मला थोडं वाईट वाटलं, कारण ते माझंही होतं. पुढे कापसाचा भाव पडला. बैलांच्या शिंगांची चांदी गेली, नथही गेली. नाक राहिलं. माझ्या लग्नात आई मांडवात सगळ्यांसमोर बसली होती.

भागामायला शेवटचं पाहिलं ते लग्नानंतर पाचसहा वर्षांनी. माहेराहून अमरावतीला परत येताना मी यजमानांना गाडी अकोल्यात थांबवायला लावली. असं मी कधी काही मागत नसे, म्हणून ते लगेच थांबले. ते शाळामास्तर. मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं.

भागामाय अंगणात बसली होती. सासऱ्यासारखीच तिचीही नजर गेली होती. समोर एक सून मडकी थापत होती आणि ही आवाजावरून तिला "पातळ झालं, पातळ झालं" म्हणून ओरडत होती. मी जवळ जाऊन बसले. नाव सांगणार, एवढ्यात तिनेच हात पुढे केला. बोटं माझ्या कपाळावरून नाकावर आली, दांडीवरून शेंड्यापर्यंत गेली, नाकपुड्यांवर थांबली.

"रुख्मा," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा बोटं फिरवली. "नाही. कड वाकडी नाही. तू पोट्टी तिची."

मी हो म्हणाले. किती सांगायचं ठरवून आले होते.

"शिंकते का तुह्यी माय?"

"रोज सकाळी," मी म्हटलं. "चार घरं ऐकतेत."

ती तोंड भरून हसली. डबी काढून चिमूट घेतली. मी पाया पडले. तिच्यामागच्या भिंतीवर ती फळी होती आणि फळीवर एकच मातीचं नाक होतं, वाळून भेगा पडलेलं. ते रखवालदाराचं.

आम्ही निघालो. माझा धाकटा कडेवर होता. तपकिरीची पूड त्याच्या नाकात गेली असावी. यजमानांनी गाडीवर पाय ठेवला आणि तो शिंकला. शिकलेला माणूस, पण पाय तिथेच थांबला. माझ्याकडे पाहू लागले.

भागामायने आंधळी मान आवाजाच्या दिशेने वर केली.

"पाणी पाजा त्याले," ती अंगणातून ओरडली, "नाही तर चाक मोडीन!"